ठेंगणं आभाळ

मी जन्मले तेव्हा बाबांना
आभाळ ठेंगणं झालं होतं, असं आई सांगायची.
पुढच्याच महिन्यात पालिकेचा माणूस आला
आणि ते नेमकं किती ठेंगणं, तेही सांगून गेला:
नऊ मीटर. पाण्याची टाकी धरून.

क्वितोच्या उत्तरेला आमची गल्ली,
धावपट्टीच्या अगदी तोंडाशी.
एफ्राइन बुर्बानो त्याचं नाव, करडा कोट, खिशात तीन पेनं.
नकाशा त्यानं आमच्या जेवणाच्या टेबलावर पसरला,
कोपऱ्यांवर मिठाची वाटी, दोन कणसं, माझी दुधाची बाटली.
"इथून एक उतार निघतो, सेन्योर तिपान.
दिसत नाही, पण असतो. तिरक्या छपरासारखा.
त्याच्या खाली तुम्ही, वर विमानं.
मध्ये कुणी डोकं घालायचं नाही."

बाबा सुतार. छपराचा उतार त्यांना काय सांगायचा!
त्यांनी एवढंच विचारलं, "आणि पिचिंचा?"
पश्चिमेच्या खिडकीत डोंगर उभा होता,
पोटावर ढग घेऊन,
बिनपरवाना.
बुर्बानोनं पेनाला टोपण लावलं.
"तो आधीपासून आहे," म्हणाला.

तिसऱ्या मजल्याच्या सळया बाबांनी तरी कापल्या नाहीत.
गच्चीवर खांबांतून हातभर वर आलेल्या, बारा.
"सोइलाच्या लग्नाला वर खोली लागेल,
तोवर हा कायदा म्हातारा होईल."
गंज चढू नये म्हणून टोकांवर रिकाम्या बाटल्या उपड्या घातल्या.
विमान उतरू लागलं की त्या किणकिणत,
मग कपाटातल्या बश्या, मग माझे दात.
आई बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर सोडायची
आणि विमान गेलं की
नेमकं त्याच शब्दापासून उचलायची.

ऑगस्टात शहरभर पतंग. आमच्या गल्लीत पतंग म्हणजे गुन्हा.
मी एकदा उडवला, जुन्या वर्तमानपत्राचा.
बाबा धावत वर आले, दोरा दातांनी तोडला.
मारलं नाही. फक्त म्हणाले,
"वर माणसं आहेत, पोरी."
तेव्हापासून मला त्या पोटांखालचे खिळे नाही,
खिडक्या दिसू लागल्या.

माझं लग्न खालच्या खोलीत झालं. मोडलंही खालीच.
आणि मग विमानतळच गेला,
दरीपलीकडच्या पठारावर, सामानसुमानासह.
शेवटच्या विमानाला बाबा गच्चीवर उभे राहिले,
कोट घालून, जणू कुणाला पोचवायला आलेत.
दुसऱ्या दिवशी गल्लीत एवढी शांतता
की शेजाऱ्यांची भांडणं पहिल्यांदा पूर्ण ऐकू आली.
आई मात्र वाक्याच्या मध्ये थांबतच राहिली.

नवा नकाशा आला, तो टेबलावर मावत नव्हता.
वीस मजले. हवे असतील तर आणखी, पैसे भरून.
आभाळ आता चौरस मीटरवर मिळतं.
बाबांच्या हातातही परवानगीचा कागद पडला,
एक्क्याऐंशीव्या वर्षी. त्यांनी तो दोनदा वाचला,
जिन्याकडे पाहिलं
आणि गुडघ्यावरून हात फिरवला.

समोरची बेकरी पाडून त्यांनी मनोरा चढवला.
सूर्य आता तीनलाच मावळतो.
एका सकाळी बाबा खिडकीशी खुर्ची घेऊन बसले,
बराच वेळ काचेच्या त्या भिंतीकडे पाहत राहिले.
"तो तर आधीपासून होता ना?" म्हणाले.
कुणाला म्हणाले, कळलं नाही.

मनोऱ्याच्या कुशीतून वारा हल्ली वेगळाच येतो.
परवा रात्री सूप वाढताना
वर बाटल्या किणकिणल्या.
आई थांबली.
आम्ही तिघंही थांबलो, चमचे हातात धरून.
काही उतरलं नाही.
मग आईनं तिथूनच उचललं:
"...मीठ कमी पडलंय का?"